हेडसेटमध्ये घरघर, माइक बंद, पावलांची दिशा कळेना: साउंड कार्ड घेण्याआधी काय तपासायचं

लातूर आणि आसपासच्या गावांत गेमिंगचे पीसी जोडून देणं, बिघडलेले दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. त्यात एक तक्रार वर्षभर येत राहते आणि तिच्यासोबत प्रश्नही ठरलेला असतो: "सर, हेडसेट नुसता घरघर करालाय, साउंड कार्ड टाकू का?" औशाहून फोन येवो की उदगीरहून, प्रश्न हाच. मुलांनी कष्टाने साठवलेले किंवा घरून मागून घेतलेले पैसे असतात आणि ते नको त्या वस्तूवर जाताना मला पाहवत नाही. म्हणून मी ज्या क्रमाने तपासतो तो क्रम इथे लिहितोय. आधी फुकटच्या गोष्टी, मग शंभर-दोनशे रुपयांच्या, मग घराचं अर्थिंग, आणि साउंड कार्ड, म्हणजे पीसीचा आवाज तयार करणारा वेगळा भाग, सगळ्यात शेवटी. क्रम मोडू नका. बहुतेक हेडसेट पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच सुरळीत होतात.

आधी लक्षण ओळखा

"आवाज नीट येईना" एवढ्यावर काही ठरत नाही. नेमकं काय होतंय ते कागदावर लिहा, कारण प्रत्येक लक्षणाचं मूळ वेगळ्या ठिकाणी असतं.

कानात बारीक किर्र असा आवाज येतो आणि माऊस हलवला किंवा गेममध्ये गर्दीचा सीन आला की वाढतो: पीसीच्या आतला विजेचा गोंगाट ऑडिओच्या वायरीत शिरतोय.

तुम्हाला सगळं स्वच्छ ऐकू येतं, पण टीममधले म्हणतात की तुझ्याकडून सलग "हूंऽऽ" येतंय: माइकचं बूस्ट (त्याचा आवाज वाढवणारी सेटिंग) जास्त आहे किंवा घराला अर्थिंग नाही. पुष्कळदा दोन्ही.

ऐकू येतं, पण माइक मेलेला: पिनचा प्रकार चुकलाय किंवा विंडोजने परवानगी दिलेली नाही.

गाणं लावलं तर वाद्यं ठणठणीत, पण गाणारा जणू विहिरीच्या तळाशी उभा राहून गातोय: जॅकमध्ये ग्राउंडचा संपर्क तुटलाय.

कोणी बोलायला लागलं की गेमचा आवाज एकदम खाली बसतो: विंडोजची एक सेटिंग.

ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू केला की सगळा आवाज फोनवरच्या बोलण्यासारखा चपटा होतो: ब्लूटूथची मर्यादा.

गेममधल्या शत्रूची पावलं ऐकू येतात, पण समोरून की मागून ते कळत नाही: एकावर एक चढवलेले सराउंड इफेक्ट, म्हणजे आवाज चहूबाजूंनी येतोय असं भासवणारं सॉफ्टवेअर.

एका कानातला आवाज येतो-जातो आणि वायर हलवली की परत येतो: वायर आतून तुटलीय.

पहिली तपासणी: हेडसेट दुसरीकडे लावून पाहा

पैसा लागत नाही आणि पाच मिनिटांत अर्धा निकाल हाती येतो. ३.५ मिमीच्या पिनचा हेडसेट असेल तर जॅक असलेल्या मोबाइलला लावा, एक गाणं ऐका आणि कोणाला तरी फोन करून माइक तपासा. यूएसबीचा असेल तर मित्राच्या लॅपटॉपला लावा. तिथे सगळं ठीक असेल तर हेडसेट निर्दोष आहे, दोष पीसीत किंवा घराच्या विजेत. तिथेही तीच रड असेल तर पीसीला हात लावायचं कारण नाही. हेडसेट वॉरंटीत आहे का ते बघा.

हे आधीच का करायचं? नाहीतर माणूस दिवसभर ड्रायव्हर टाकत-काढत बसतो आणि संध्याकाळी कळतं की वायर तुटली होती.

मोबाइलवर ऐकताना वायर दोन ठिकाणी हळूच वाकवून पाहा: पिनपासून दोन बोटांवर, आणि वायर कानाच्या वाटीत शिरते तिथे. हेडसेट तुटतात ते इथेच. वायर टेबलावरून खाली लोंबते, खुर्चीचं चाक तिच्यावरून जातं, आणि ताण नेमका या दोन जागांवर येतो.

दुसरी तपासणी: पिनवरचे पट्टे मोजा

माइक चालत नाही म्हणून दुकानात येणाऱ्या तक्रारींत मोठा वाटा याचा आहे. पिन डोळ्यांजवळ धरा आणि तिच्यावरच्या काळ्या किंवा पांढऱ्या रिंगा मोजा. दोन रिंगा म्हणजे धातूचे तीन भाग: डावा आवाज, उजवा आवाज आणि ग्राउंड. तीन रिंगा म्हणजे धातूचे चार भाग, त्यात माइकही आला. मोबाइल आणि बहुतेक लॅपटॉप चार भागांची एकच पिन घेतात. डेस्कटॉपला मात्र साधारणपणे दोन वेगळे जॅक असतात, हिरवा ऐकण्याचा आणि गुलाबी माइकचा. चार भागांची पिन हिरव्यात घातली की ऐकू येतं, माइक मरतो. गुलाबीत घातली तर ऐकूही येत नाही.

उपाय म्हणजे स्प्लिटर: एका बाजूला चार भागांच्या पिनसाठी भोक, दुसऱ्या बाजूला दोन पिना. लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या आसपास कुठल्याही मोबाइल ॲक्सेसरीच्या दुकानात शंभर-दीडशेला मिळतो. घेताना त्याच्या दोन पिनांवर हेडफोन आणि माइक अशी वेगवेगळी चित्रं आहेत ना ते बघा. दोघांनी एकाच फोनवर गाणी ऐकायचा स्प्लिटरही दिसायला असाच असतो आणि दुकानदार घाईत तोच हातात देतो. त्याला दोन भोकं आणि एक पिन असते. तो आपल्या कामाचा नाही.

गाणाऱ्याचा आवाज गायब होण्याचं उत्तरही इथेच सापडतं. ग्राउंड तुटला की दोन्ही कानांना डाव्या-उजव्यातला फरकच तेवढा मिळतो. गायकाचा आवाज बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून तो वजा होऊन जातो. पिन पूर्ण आत गेली आहे का ते बघा. मोबाइलचं जाड कव्हर पिन अडवतं, हे तर रोज दिसतं. वायरवरचं माइकचं बटण दाबून धरल्यावर गायक परत आला, तर पिनची जोडणी जुन्या क्रमाची आहे, तिच्यात माइक आणि ग्राउंड उलटे असतात. त्यासाठी छोटा कन्व्हर्टर मिळतो.

जॅकमध्ये धूळही साचते. आपल्याकडे काळ्या मातीची बारीक धूळ दारं-खिडक्या लावूनही आत येते, उन्हाळ्यात तर टेबल दिवसातून दोनदा पुसावं लागतं. पीसी बंद करा, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, पिन पुसा आणि पिनच जॅकमध्ये चार-पाच वेळा घालून काढा. टाचणी किंवा सुई आत घालू नका, आतली पत्ती वाकते आणि मग जॅकच बदलावा लागतो.

तिसरी तपासणी: विंडोजमधल्या पाच जागा

सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग साउंड, आणि तळाशी "मोअर साउंड सेटिंग्ज". जुन्या पद्धतीची एक छोटी खिडकी उघडते, बरीचशी कामं तिथेच होतात.

रेकॉर्डिंगच्या टॅबमध्ये माइकवर डबल क्लिक करून "लेव्हल्स" उघडा. माइक बूस्ट किती डेसिबलवर आहे? पुष्कळ पीसींवर तो २० किंवा ३० वर चढवलेला सापडतो. २० डेसिबल म्हणजे सिग्नल दहापट, ३० म्हणजे तीसपटीहून जास्त. तुमच्या आवाजासोबत कूलरची भणभण, पंखा, विजेची गुणगुण, सगळंच तितक्या पटीत मोठं होतं. बूस्ट शून्य किंवा १० वर आणा, वरची मुख्य पट्टी ८०-९० वर ठेवा आणि माइक तोंडाच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर घ्या. माइक जवळ आणून बूस्ट उतरवणं यासारखा दुसरा उपाय नाही.

त्याच खिडकीतल्या कम्युनिकेशन्सच्या टॅबवर विंडोजने आपणहून "इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करा" हे निवडलेलं असतं. म्हणून कोणी बोललं की गेम खाली बसतो. तिथे "काही करू नका" हा शेवटचा पर्याय निवडा.

परत सेटिंग्जमध्ये जाऊन प्रायव्हसीमध्ये मायक्रोफोन उघडा आणि तळाची डेस्कटॉप ॲप्सची परवानगी चालू आहे का ते पाहा. वरचं बटण चालू आणि खालचं बंद असलं तर डिस्कॉर्ड (खेळताना बोलायचं ॲप) आणि गेम दोन्हींना माइक सापडत नाही.

ॲक्सेसिबिलिटीत "मोनो ऑडिओ" चालू राहिला असेल तर दोन्ही कानांत एकच आवाज येतो आणि डावं-उजवं पूर्ण मरतं. आणि लॅपटॉपला एकच जॅक असेल तर पिन घातल्यावर "काय जोडलंय?" असं विचारणारी खिडकी येते, तिथे हेडफोन नाही, हेडसेट निवडायचं.

ब्लूटूथवाल्यांसाठी: माइक चालू झाला की जोडणी हँड्सफ्री पद्धतीवर जाते, आवाज एका चॅनेलचा होतो आणि सेकंदाला आवाजाच्या ८ किंवा १६ हजार नमुन्यांवर घसरतो. सीडीवर ४४,१०० असतात. तुमच्या हेडसेटमध्ये बिघाड नाही, आणि साउंड कार्डाने यात काडीचा फरक पडणार नाही. एलई ऑडिओ (ब्लूटूथची नवी पद्धत) असलेल्या नव्या जोड्या सोडल्या तर गेमिंगसाठी ब्लूटूथ घेऊ नका. वायरलेस हवाच असेल तर स्वतःचा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल (यूएसबीत घालायचा छोटा रिसीव्हर) असलेला घ्या. तो तुटत-तुटत चालत असेल तर डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टमधून काढा. त्या पोर्टचा गोंगाट याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. फूटभर यूएसबीची वायर लावून डोंगल टेबलावर आणला की पुष्कळदा लगेच सुधारतो.

चौथी: पावलांची दिशा

कानाला लागतात दोनच स्पीकर. डब्यावर ७.१ (म्हणजे आठ स्पीकरांचा सराउंड) लिहिलेलं असलं तरी बहुतेक हेडसेटमध्ये डावा आणि उजवा एवढंच असतं, बाकीचं गणित सॉफ्टवेअर करतं. हे गणित एकदाच व्हायला हवं. व्हॅलोरंट आणि काउंटर स्ट्राइक २ सारखे गेम ते स्वतः करतात, व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्ये त्याला एचआरटीएफ हे नाव आहे. त्यावर विंडोज सॉनिक (विंडोजचा स्वतःचा सराउंड) चालू, त्यावर हेडसेटच्या सॉफ्टवेअरचं ७.१ चालू, असं झालं की एकाच पावलावर तीनदा प्रक्रिया होते आणि समोरचं-मागचं एकमेकांत मिसळतं. गेमचं ठेवा, बाकीचे दोन्ही बंद करा. गेममध्ये सोय नसेल तर विंडोज सॉनिक फुकट आहे, तेवढं एकच चालू करा. बेस वाढवलेला इक्वलायझरही सपाट करा. स्फोटाचा घुमारा वाढला की पावलाची बारीक टकटक त्याच्याखाली दबते.

"पावलं ऐकू येईनात म्हणून साउंड कार्ड" असं म्हणत येणाऱ्या मुलांना मी हे आधी करून दाखवतो. एकेकाळी ही समजूत खरी होती. १९८९ मध्ये पहिलं साउंड ब्लास्टर आलं तेव्हा पीसीला नुसता टूं-टूं करणारा स्पीकर असायचा, आणि पुढे कित्येक वर्षं गेममधला दिशेचा हिशेब कार्डावरची चिप करायची. २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टाने तो थेट रस्ता बंद केला. आता तो हिशेब गेम प्रोसेसरवर करतो. कार्ड कितीही महाग असलं तरी पावलाची दिशा गेमनेच ठरवलेली असते.

पाचवी: पुढचा जॅक सोडा, मागचा वापरा

माऊस हलवला की किर्र होत असेल तर हेडसेटची पिन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून काढून मदरबोर्डच्या मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा. पुढच्या जॅकपासून एक बारीक, पुष्कळदा नीट आवरण नसलेली वायर कॅबिनेटच्या आतून, बहुधा ग्राफिक्स कार्डाच्या खालून जात मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या नऊ पिनांच्या कनेक्टरला पोचते. कार्डावर भार आला की त्याच्या विजेच्या चढउताराचा गोंगाट ती वायर पकडते. स्वस्त कॅबिनेटमध्ये हे हटकून होतं.

मागे लावल्यावर आवाज गेला तर काम संपलं. वायर पुरत नसेल तर दोन मीटरची एक्स्टेंशन घ्या. मागेही किर्र येत असेल तर तीन-चारशे रुपयांचा छोटा यूएसबी ऑडिओ ॲडॉप्टर लावून बघा. मी तो तपासणीचं हत्यार म्हणून खिशातच ठेवतो. त्यात आवाजाची चिप मदरबोर्डपासून बाहेर येते. त्याने किर्र गेली तर दोष मदरबोर्डच्या ऑडिओत आहे हे सिद्ध झालं, आणि तोच ॲडॉप्टर तुमचं साउंड कार्ड. बहुतेकांना यापुढे काही घ्यावं लागत नाही.

सहावी: अर्थिंग

इथे घाई करू नका. मराठवाड्यातल्या घराघरांत माइकच्या गुणगुणीचं मूळ मला इथे सापडलंय, आणि इथे जिवाचा प्रश्न आहे.

आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. माइकमधला सलग "हूं" हा त्याच ५० हर्ट्झचा आणि त्याच्या दुपटीचा, १०० हर्ट्झचा असतो. पीसीच्या एसएमपीएसमध्ये (आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीत) फेज आणि न्यूट्रलपासून लोखंडी पेटीकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. गोंगाट अर्थिंगमध्ये सोडून देणं हे त्यांचं काम. घरात अर्थिंगच नसेल तर गोंगाटाला जायला वाट राहत नाही, आणि सगळी कॅबिनेट अंदाजे निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहते. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून झटका न बसता झिणझिण होते. अनवाणी फरशीवर उभं राहून कॅबिनेटच्या कडेवरून बोटाची मागची बाजू फिरवली की खरखरीत कंप जाणवतो. ज्याला तो आधीच जाणवलाय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. ज्याला जाणवला नाही त्याने मुद्दाम करून पाहू नये.

लॅपटॉपवर तपासणी सोपी आणि सुरक्षित आहे: चार्जर काढा. बॅटरीवर गुणगुण गेली आणि चार्जर लावताच परत आली, तर कारण वीजच. डेस्कटॉपसाठी चाळीस-पन्नास रुपयांचा निऑन टेस्टर पुरतो. पायात कोरडी चप्पल, हात कोरडे, टेस्टरचं टोक कॅबिनेटच्या रंग नसलेल्या स्क्रूवर. दिवा अंधुक जरी लागला तरी अर्थिंग मिळत नाही असं समजा आणि पीसीचा प्लग काढा.

कारणं ठरलेली आहेत. तीन पिनांच्या प्लगवर दोन पिनांचं कन्व्हर्टर चढवलेलं असतं, किंवा जाड पिन बसेना म्हणून कापून टाकलेली असते. स्वस्त एक्स्टेंशन बोर्डात तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागे वायरच नसते. एवढंच असेल तर खऱ्या तीन वायरींचा बोर्ड आणा, प्रश्न मिटला. जुन्या घरांत भिंतीतल्या सॉकेटपर्यंतच अर्थिंगची वायर आलेली नसते. आणि जिथे ती आहे तिथेही उन्हाळ्यात ती कामाची उरत नाही, कारण अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. काळी माती ओली असते तोवर वीज चांगली वाहून नेते. मार्च-एप्रिलनंतर ती आटते, भेगाळते आणि खड्ड्यातल्या पाइपपासून सुटते, आणि खाली लगेच काळा दगड लागत असेल तर त्यातून वीज जातच नाही. म्हणून खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात आणि पाणी घालत राहायला सांगतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात पिण्याचं पाणी खड्ड्यात ओता असं मी कोणाला सांगणार नाही. पण कूलर धुतलेलं पाणी किंवा एसीच्या नळीचं पाणी तिकडे वळवता येतं. उन्हाळ्यात वाढणारी आणि पावसाळ्यात आपोआप जाणारी गुणगुण असेल तर खड्ड्याकडेच बघा.

कूलरचा विषय निघालाच आहे. तो पीसीच्या एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. त्याची मोटर चालू-बंद होताना कानात टक्क आवाज येतो, ते एकवेळ चालेल. पण पाण्याजवळच्या पंपातून वीज गळायला लागली आणि बोर्डाची अर्थिंगची वायर पुढे कुठेच पोचत नसेल, तर ती वीज त्याच वायरीने तुमच्या कॅबिनेटवर येते.

इन्व्हर्टरवर असतानाच घरघर होत असेल तर तो स्क्वेअर वेव्हचा आहे का ते मागच्या पट्टीवर वाचा. त्याची लहर कडांची असते आणि एसएमपीएस, पंखा, हेडसेट सगळंच घुमतं. उपाय प्युअर साइन वेव्हचा इन्व्हर्टर. हेडसेट किंवा कार्ड बदलून काही होणार नाही.

इथे थांबा आणि वायरमनला बोलवा

कॅबिनेटला हात लागल्यावर झिणझिण होतेय, टेस्टर लागतोय, प्लग गरम होतोय, बोर्डातून जळका वास येतोय: यातलं एक जरी असलं तरी गेम बंद, प्लग बाहेर, आणि परवानाधारक वायरमन घरी. सॉकेट स्वतः उघडू नका, यूट्यूब बघून तर नाहीच.

वायरमन आला की त्याला मल्टिमीटर लावून तीन आकडे दाखवायला सांगा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ बरंच कमी आलं किंवा न्यूट्रल-अर्थ पंधरा-वीस आलं, तर अर्थिंग कमकुवत आहे किंवा न्यूट्रल सैल आहे. एक गोष्ट करू देऊ नका: सॉकेटमध्येच न्यूट्रलला अर्थिंगची पिन जोडून "घ्या, झालं अर्थिंग" असं म्हणून कोणी निघालं तर त्याला थांबवा. त्याने गुणगुण जाते खरी. पण कधी न्यूट्रल तुटला तर तुमच्या कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. तसंच खेड्यांत न्यूट्रल गेल्यावर अर्थिंगच्या वायरीवर दिवे चालवतात. त्या घरात पीसी लावूच नका. खड्डा नवा करायचा असेल तर भारतीय मानक आयएस ३०४३ प्रमाणे करा असं सांगा, आणि मेन बोर्डात ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. चांगल्या हेडसेटच्या किमतीत तो बसतो आणि घरातल्या सगळ्यांचं रक्षण करतो.

वायर तुटली असेल तर दुरुस्तीवाल्याकडे द्या. हेडसेटच्या वायरीत लाल, हिरवा, तांब्याचा अशा केसासारख्या बारीक तारा असतात, त्यांच्यावर रंगीत लाखेचा थर आणि मध्ये धाग्याचा पीळ. वरून सोल्डर चिकटल्यासारखं दिसतं, पण थर जळाला नसेल तर संपर्क होतच नाही. तापल्या सोल्डरच्या थेंबात तार क्षणभर बुडवून थर जाळावा लागतो, ते सरावाचं काम आहे. आणि वायरलेस हेडसेटची वाटी फुगल्यासारखी दिसली, जोड उघडा पडला, तर चार्जिंग ताबडतोब बंद. आतली लिथियमची बॅटरी फुगलीय. ती टोचू नका, दाबू नका, सर्व्हिस सेंटरला द्या.

मग साउंड कार्ड कोणी घ्यावं

वरचं सगळं करूनही मागच्या जॅकला किर्र राहिली तर यूएसबी ॲडॉप्टर किंवा बाहेर ठेवायचं चांगलं कार्ड घ्या. आतल्या स्लॉटमध्ये बसणारं कार्ड मी या कामासाठी सुचवत नाही, ते त्याच गोंगाटाच्या पेटीत, ग्राफिक्स कार्डाच्या शेजारी बसतं.

दुसरं खरं कारण म्हणजे जड हेडफोन. जड म्हणजे वजनाने नाही, जास्त ओहमचे, विजेला जास्त अडवणारे. गेमिंग हेडसेट साधारणपणे ३२ ओहमचे असतात, हायपरएक्स क्लाउड २ हा ६० चा. यांना साध्या मदरबोर्डवरची रिअलटेकची चिप पुरते. पण कोणी बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रोसारखा २५० ओहमचा स्टुडिओ हेडफोन घेतला तर आवाज पूर्ण वाढवूनही फिका वाटू शकतो. तिथे अॅम्प्लिफायर असलेलं बाहेरचं कार्ड उपयोगी पडतं.

आणि तुमचा हेडसेट यूएसबीचा किंवा डोंगलचा असेल तर साउंड कार्डाचा विचार डोक्यातून काढून टाका. त्याची आवाजाची चिप त्याच्याच आत किंवा वायरीवरच्या छोट्या डबीत असते. कार्ड घेतलं तरी आवाज त्याच्यातून जाणारच नाही. हे न सांगता कार्ड विकणारे दुकानदार आहेत, म्हणून मुद्दाम लिहितोय.

नवा हेडसेटच घ्यायचा असेल तर

हातात चार हजार असतील तर चारही हजार हेडसेटवर घाला, दोन-दोन वाटू नका. कानाला जाणवणारा फरक स्पीकर, गादी आणि माइक यांत असतो.

आपल्याकडे गादी फार महत्त्वाची. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर जातो, आणि रेक्झिनच्या गादीखाली अर्ध्या तासात कान भिजतात. घामाने तीच रेक्झिन वर्ष-दोन वर्षांत काळे पापुद्रे सोडायला लागते. कापडाची किंवा जाळीची गादी घ्या, आणि ती सुटी मिळते का, बदलता येते का हे आधी विचारा. वजन तीनशे ग्रॅमच्या आत असेल तर बरं. कूलरच्या मोटरची भणभण असलेल्या खोलीत खेळत असाल तर बंद वाटीचा घ्या. माइक एका दिशेने ऐकणारा, दांडीवरचा हवा, आणि कूलरची हवा थेट त्याच्यावर येणार नाही अशी खुर्ची लावा. ५० मिमीच्या ड्रायव्हरच्या (म्हणजे आतल्या स्पीकरच्या) जाहिरातीकडे बघू नका, ४० मिमीचे कितीतरी हेडसेट त्याहून स्वच्छ वाजतात.

वायर सुटी निघणारी असेल तर दोनशे रुपये जास्त द्या. तुटली तर वायरच बदलते, हेडसेट राहतो. ऑनलाइन घेताना त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर लातूर, नांदेड, संभाजीनगर यांपैकी कुठे आहे की थेट पुण्याला पाठवावं लागतं ते आधी बघा. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि डबा वर्षभर टाकू नका, पार्सल त्याच डब्यातून परत मागवतात.